मगवरचे तपकिरी इस्फहान

ओसरीवाली: भाचीने परदेशातल्या एका संग्रहालयाच्या दुकानातून माझ्यासाठी मग आणला आहे, फोटो सोबत जोडला आहे. त्यावर इराणमधल्या इस्फहान शहराच्या नक्श-ए-जहान चौकाचे, घोडागाड्यांच्या काळातले तपकिरी छायाचित्र आहे. त्यातून चहा पिताना मनात येते, की खरे इस्फहान हेच असावे. हल्लीच्या छायाचित्रांत त्या चौकातल्या शाह मशिदीचा निळा घुमट पाहिला, की दिवाळीच्या तोंडावर कोणी ऑइलपेंटचा हात फिरवल्यासारखे वाटते.

कोरडेशास्त्री: ‘खरे इस्फहान हेच’ हे वाचून गप्प बसणे जमले नाही. शाह मशिदीचे काम इराणच्या सफवी घराण्यातल्या शाह अब्बास या राजाने १६११ साली सुरू केले आणि निळाई ही तिची सफवी काळापासूनची ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेत, त्यांवरचा रासायनिक लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असे आणि तांबड्याला जवळजवळ आंधळा. त्यामुळे निळ्या फरशा आणि मागचे निळे आकाश दोन्ही फिकट उमटत, आणि कारागिरांनी जीव ओतलेली नक्षीच नेमकी पुसट होई. तुम्ही ज्याला खरेपणा म्हणता, ती त्या प्लेटची असमर्थता आहे. शिवाय तुमच्या मगवरचे चित्र उलटे आहे. चौकाच्या बाजाराकडच्या दरवाजातून शाह मशिदीकडे तोंड केले, तर लाकडी खांबांच्या सज्जाचा आली कापू महाल उजव्या हाताला हवा आणि शेख लुत्फुल्ला मशिदीचा घुमट डाव्या हाताला. तुमच्याकडे महाल डावीकडे आहे.

ओसरीवाली: प्लेटांचे रसायन सांगितलेत, पण घुमटाच्या फरशा विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर बदलल्या गेल्या, हे मात्र सोयीस्करपणे गाळलेत. म्हणजे मला ताजे वाटले ते ताजेच आहे. आणि चहा पिण्यापूर्वी बाईने होकायंत्र घेऊन बसावे, असा आपला आग्रह आहे काय?

छपाईवाला: उलटेपणावर मी बोलणार, कारण माझे पोट मगछपाईवर चालते. सब्लिमेशन या उष्णतेच्या छपाईत चित्र कागदावर मुद्दाम उलटे छापतात, तो कागद लेप दिलेल्या मगाभोवती उष्णतेला टिकणाऱ्या टेपने घट्ट बांधतात आणि साधारण १८० ते २०० अंशांवर हीट प्रेसमध्ये दाबतात. शाईची वाफ लेपात शिरते आणि चित्र सुलटे उमटते. ‘मिरर’ची खूण करायची राहिली, की सगळा लॉट उलटा. अक्षरे असतील तर चूक लगेच दिसते, इमारत असेल तर खपून जाते. एका गिऱ्हाइकाने शनिवारवाड्याचे मग तसेच नेले आणि वर दाम कमी करून मागितले, पण ते वेगळ्याच कारणासाठी.

काचघर: छपाईवाल्यांनी सगळा दोष आपल्या धंद्यावर ओढून घेऊ नये, काचेची प्लेट स्कॅनरवर पालथी ठेवली तरी हेच होते. माझा राग वेगळा आहे. मगवर छायाचित्रकाराचे नाव नाही, वर्ष नाही. तेहरानमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या आंत्वान सेव्रुगिनच्या सुमारे ७००० प्लेटांपैकी बहुतांश १९०८ च्या धामधुमीत नष्ट झाल्या आणि जेमतेम २००० वाचल्या. हा फोटो त्याचा असेल असे मी म्हणत नाही. पण ज्या कामाची अशी होळी झाली, त्यातले काही विकताना दोन ओळींची जागा मिळू नये?

फोर्टकर: इराणी वास्तुकलेसाठी मग कशाला हवा? मुंबईत डोंगरीची १८६० सालची निळ्या फरशांची मुघल मशीद पाहा, फोर्टातल्या पारशांच्या माणेकजी सेठ अगियारीच्या दाराशी असलेले माणसाच्या तोंडाचे पंखधारी बैल पाहा. माझे वडील त्या गल्लीत नोकरीला होते. लहानपणी मी त्या बैलांना घाबरत असे.

कोरडेशास्त्री: आपले बालपण आदरणीय आहे, पण ते बैल पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीतल्या बैलांच्या धर्तीचे आहेत. दारियस राजाचे पर्सेपोलिस आणि शाह अब्बासचे इस्फहान यांच्यात दोन हजारांहून अधिक वर्षे आहेत. सगळे इराणी एका टोपलीत भरू नका.

फोर्टकर: टोपली आपलीच आहे. इस्फहानवरून प्लेटांवर, प्लेटांवरून हीट प्रेसवर आपण गेलात तर तो अभ्यास, आणि मी डोंगरीला गेलो तर विषयांतर!

ओसरीवाली: मग उलटा आहे, मान्य. आपल्याला आनंद झाला असेल. फरशांचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

कोरडेशास्त्री: फरशा बदलल्या हे मान्य करतो, रंगाची जात बदलली हे नाही. जुन्या वाड्याची कौले शाकारली म्हणून वाडा खोटा ठरत नाही. काचघर यांची मागणी मात्र रास्त आहे: भाचीकडून दुकानाचा पत्ता घ्या आणि छायाचित्रकाराचे नाव व वर्ष विचारा. पत्र मी लिहून देतो, सही तुमची.

छपाईवाला: पत्रात ‘मिरर’चेही लिहा.