‘वसाहतवाद’ आणि ‘साम्राज्यवाद’ : भेद कसा करावा?

प्रश्न : युरोपीय सत्तांच्या विस्तारामागील हेतूंविषयी लिहिताना हे दोन शब्द मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत भेद करावा का, आणि कोणत्या निकषावर?

पहिला प्रतिसाद : भेद हेतूवरून करावा. ‘वसाहत’ वसण्याशी नाते सांगते. ब्रिटनने १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात कैदी नेऊन उतरवले, १८३० नंतर फ्रान्सने अल्जीरियात युरोपीय शेतकरी वसवले. दोन्हीकडे जमीन हवी होती आणि त्यासाठी मूळ रहिवाशांना हुसकावले गेले. काँगोचे प्रकरण निराळे आहे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने, गुलामांचा व्यापार मोडून सुधारणा नेण्याची भाषा करत, १८८५ मध्ये तो अवाढव्य मुलूख बेल्जियमच्या नव्हे, स्वतःच्या ताब्यात घेतला आणि त्याला चक्क ‘स्वतंत्र राज्य’ असे नाव दिले. तेथे माणसे वसवण्यात त्याला फारसे स्वारस्य नव्हते. हस्तिदंत हवे होते आणि हवा भरलेल्या टायरांचा प्रसार झाल्यावर रबर. रबराचा ठरावीक भरणा न करणाऱ्या गावांतील बायका ओलीस धरल्या जात, लोकांना फटके मारले जात, हात तोडले जात. १९०८ मध्ये बेल्जियमने तो प्रदेश राजाकडून काढून घेतला. या लुटीला ‘वसाहतवाद’ म्हटले की ती सौम्य वाटू लागते, कारण आपल्या कानांना वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, नाही तर औद्योगिक वसाहत.

दुसरा प्रतिसाद : हा निकष तितका सोपा नाही, कारण एकाच धोरणामागे अनेक हेतू असत. फ्रान्सचे माजी पंतप्रधान जूल फेरी यांनी जुलै १८८५ मध्ये संसदेत एकाच भाषणात तीन कारणे दिली : फ्रेंच मालाला नव्या बाजारपेठा हव्यात, ‘श्रेष्ठ’ वंशांवर ‘कनिष्ठ’ वंशांना सुधारण्याचे कर्तव्य आहे, आणि आरमाराला कोळसा घेण्यासाठी दूरची बंदरे हवीत. पहिले आणि तिसरे कारण रोकड्या हिशेबाचे आहे. दुसरे, माझ्या मते, त्या हिशेबाला सोवळे नेसवण्यासाठी आहे. म्हणून सर्व हेतू पोटात घेणारा ‘साम्राज्यवाद’ हा व्यापक शब्द मानावा आणि वसाहतवाद हा त्याचा एक प्रकार. (‘साम्राज्य’ शब्दही तसा भाबडाच, आपल्याकडे शांततेचेही साम्राज्य पसरते आणि धुळीचेही.)

तिसरा प्रतिसाद : हेतूंची ही पारख मराठीत या दोन्ही शब्दांच्या आधीची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, इतर सावकारांहून वेगळे काढले आहे, कारण त्यांच्यामागे राजे आहेत आणि राजांना स्थळाचा लोभ नसेल असे कसे घडेल? त्यांना वखारीसाठी समुद्रकाठची जागा देऊ नये, असा सल्लाही त्यात आहे. सत्ताधाऱ्यांनी स्वतः निवडलेली नावे मात्र जपून वापरावीत : पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेत बदल करून गोव्यासह आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले आणि पुढे आपल्याकडे वसाहतीच नाहीत, अशी भूमिका संयुक्त राष्ट्रांत घेतली. १९६१ पूर्वीच्या गोव्याविषयी लिहिताना हा शब्द आलाच, तर तो अवतरणचिन्हांतच असावा.