नावाची पट्टी किनारीतच अडकवा

गोधडीच्या मागे लावलेल्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव दोन धुण्यांत पुसट झालं, अशी एक तक्रार वाचली. कापडासाठीची पिगमेंट शाई, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, घ्या. पट्टीचं सुती कापड आधी धुवून खळ काढा, लिहिलेलं वाळलं की गरम इस्त्री फिरवा. बरीच टिकते. मला मात्र दोऱ्याने बॅकस्टिचमध्ये (प्रत्येक टाका थोडा मागे घेत घातलेल्या सलग टाक्यांत) भरलेलं नावच आवडतं, त्यात शिवणारीचा हात दिसतो. गोधडीला किनार लावण्याआधी पट्टी मागच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे तिच्या दोन कडा किनारीत शिवल्या जातात आणि सहज उसवत नाहीत. आणि नुसतं ‘आजीकडून’ लिहू नका हो! पूर्ण नाव, वर्ष, गाव, कोणासाठी शिवली, सगळं लिहा. 50 वर्षांनी घडी उलगडणाऱ्याला ती कोणाची आजी, हे कसं कळणार?