चष्म्याची घाई नको

आईची साखर वाढल्यापासून धूसर दिसतंय, नंबर काढून घ्यावा का, असं वर विचारलंय. कृपया इतक्यात नको. आमच्या बाबांची साखर ४०० च्या वर गेली तेव्हा त्यांना एसटीची पाटी वाचता येईना, पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचायला लागले! साखरेमुळे डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं, म्हणून नंबर बदलतो. आम्ही लगेच नवा चष्मा केला. साखर उतरल्यावर तो निरुपयोगी ठरला. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी मात्र आत्ताच, बाहुली मोठी करणारे थेंब घालून करून घ्या. आणि अचानक काळे ठिपके तरंगले, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.