भावाच्या एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी, सीटीत मायक्रोलिथिआसिस आलंय, कुणाला माहितीय का?

तासगाव_पाटील: धाकटा भाऊ २६ वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून मेडिकलला छातीचा एक्स-रे काढला तर दोन्ही फुफ्फुसं खालून पार पांढरी. त्याला ना ताप ना खोकला, दिवसभर बागेत राबतो. आधी एकांनी मिलिअरी टीबी सांगून गोळ्या चालू केल्या, थुंकीत काहीच निघालं नाही, मग मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी सीटी करायला लावला, त्यात पल्मनरी अल्व्हिओलर मायक्रोलिथिआसिस लिहिलंय. आईला वाटतंय द्राक्षावरच्या फवारणीनं झालं, नुसती रडतीय. वडिलांनी मामाचीच मुलगी केलेली, त्याचा काय संबंध असतो का? आणि टीबीच्या गोळ्या बंद करू का?

कराडचा_छातीवाला: पाटील, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण सीटी वाचलेल्या डॉक्टरांना उद्याच विचारा, कारण हे टीबी नाही, दुसऱ्याला लागत पण नाही. फुफ्फुसाच्या पेशीत हवेच्या पिशव्यांतलं फॉस्फेट आत ओढून घेणारा एक पंप असतो, त्याचा जीन (एसएलसी३४ए२, २००६ साली सापडला) बिघडला की फॉस्फेट हवेच्या पिशव्यांत साठतं आणि कॅल्शियमबरोबर त्याचे बारीक खडे होतात. एक्स-रेला आम्ही वाळूचं वादळ म्हणतो. मिलिअरी टीबीत पण बारीक ठिपके दिसतात म्हणून आपल्याकडं गल्लत होते, पण एवढी छाती टीबीनं भरली असती तर पोरगं अंथरुणाला खिळलं असतं. फवारणीचा संबंध नाही, आईला आजच सांगा. नात्यातल्या लग्नाचा आहे, आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच हा आजार होतो. म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता, तुमचा सगळ्यांचा एक्स-रे काढाच, त्रास नसला तरी.

विट्याची_ताई: माझ्या नणंदेला आहे हो हे. बरीच वर्षं काही त्रास नव्हता, आता जिना चढताना धाप लागते. खडे विरघळवणारं औषध नाही, स्टिरॉइडचा उपयोग नाही, फुफ्फुस धुऊन पण फरक पडत नाही, अगदीच शेवटी फुफ्फुस बदलणं. पण हळूहळू वाढणारा आजार आहे, घाबरून जाऊ नका. बिडी-तंबाखूचा धूर अजिबात नको, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या, अधूनमधून फुंकून करायची तपासणी करा. आणि सीटीची सीडी कायम जवळ ठेवा, नवीन डॉक्टर साधा एक्स-रे बघून परत टीबीवर जातात, आमचं दोनदा झालंय.

तासगाव_पाटील: लय आभार दोघांचे. बहिणीचा आणि माझा एक्स-रे काढतो. आई विचारतीय, त्याच्या लग्नाचं काय, पोरांना होईल का?

कराडचा_छातीवाला: लग्न खुशाल करा. त्याच्याकडून एक बिघडलेला जीन प्रत्येक मुलाला जाणारच, पण बायकोकडून पण तसलाच आला तरच आजार, आणि बाहेरच्या मुलीत तो असणं फार दुर्मीळ. मामाची नाहीतर आत्याची पोरगी बघत असाल तर मात्र थांबा. बहिणीच्या स्थळाचंही तेच.