मदत हवी आहे: चष्मा लावणाऱ्या वडिलांसाठी जागलीची दुर्बीण, बजेट १०-१२ हजार

नमस्कार मंडळी. मी पाटोदा तालुक्यातला (जि. बीड) शेतकरी. रान बालाघाटच्या डोंगराला लागून आहे, नायगावचं मयूर अभयारण्यही जवळच. त्यामुळे मोर, हरणं, रानडुकरं रोजचीच. खरिपात तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. आमचे अण्णा ६४ वर्षांचे आहेत, तरी जागलीला आखाड्यावरच (शेतातल्या वस्तीवर) मुक्काम असतो. घरी झोपा म्हटलं की त्यांना राग येतो.

मागच्या हिवाळ्यात दिवस बुडताना तुरीत काहीतरी हललं. अण्णांना वाटलं कुणाच्या शेळ्या शिरल्या. हाकलायला गेले तर समोर पिल्लांची डुकरीण. ती अंगावर धावली, अण्णा बांधावरून पडले, दोन महिने गुडघा टेकवता येत नव्हता. तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे: पिकात काय शिरलंय ते त्यांना माळ्यावर बसूनच कळलं पाहिजे. शेळ्या असल्या तर हाक मारता येते, हरणं असली तर डबा वाजवता येतो, आणि डुकरं असली तर खाली उतरायचंच नाही.

माळ्यापासून लांबचा बांध अंदाजे ४०० मीटर. बघायची वेळ म्हणजे संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास आणि पहाटे तांबडं फुटताना.

एकदा फसलोय. बाजारातून १,८०० रुपयांची दुर्बीण आणली, तिच्यावर ‘३०x६०’ छापलेलं होतं. भर दुपारी थोडंफार दिसतं, पण संध्याकाळी नुसता काळोख, आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं. मुलाच्या पट्टीनं पुढची काच मोजली तर ३० मिलिमीटरसुद्धा भरली नाही.

आता ऑनलाइन शोधलं की सगळीकडं ‘हंटिंग बायनॉक्युलर’ येतं. शिकार आपल्याला करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या घरात मोरावर कुणी हात उगारला नसता. पण शिकाऱ्यांसाठी केलेली दुर्बीण कमी उजेडात चांगली चालते म्हणतात, ते खरं का? ८x४२ घ्यावी की १०x५०? अण्णांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही, तर चष्मा लावून दुर्बीण वापरता येते का? जाणकारांनी सांगावं, पुन्हा पैसे वाया घालवायची ऐपत नाही.

प्रतिसाद (पैठणहून)

भाऊ, अण्णांच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. मी बरीच वर्षं नाथसागरावर पक्षी बघतो. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की पहाटे पाण्याच्या कडेला धुक्यात बसावं लागतं, म्हणजे उजेडाची अडचण तुमच्यासारखीच. जरा सविस्तर लिहितो.

८x४२ मधला ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. डोळ्याकडच्या काचेतून उजेडाचा जो गोल बाहेर पडतो, त्याचा हा व्यास. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. अंधार पडत जातो तशी आपली बाहुली मोठी होते, तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत. वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही, साठीच्या पुढं बहुतेकांची ५ च्या आसपास राहते. म्हणून अण्णांना ७x५० दिली तर तिचा ७ मिलिमीटरचा गोल डोळ्यात मावणारच नाही, आणि वजन मात्र पूर्ण पेलावं लागेल. १०x२५ सारखी खिशातली घेतली तर गोल फक्त अडीच मिलिमीटरचा, म्हणजे संध्याकाळी उपयोग शून्य. सव्वापाच हे अण्णांच्या डोळ्याला चपखल माप आहे.

तुमच्याकडची ‘३०x६०’ खरोखर ३० पट असती तर हातात धरून काहीच बघता आलं नसतं, इतकं चित्र थरथरलं असतं. ते आकडे नुसते छापलेले आहेत. तुम्ही पट्टी लावलीत हे उत्तम केलंत, दुकानातही तेच करा. लाल चमकणाऱ्या काचा, ‘नाइट व्हिजन’ लिहिलेल्या साध्या दुर्बिणी आणि ‘१०-१८० झूम’ असले प्रकार हातातसुद्धा घेऊ नका. साधी दुर्बीण आहे तोच उजेड गोळा करते, अमावास्येच्या रात्री कोणतीही चालणार नाही.

‘हंटिंग’ या शब्दाला भुलू नका. बाहेरच्या देशांत शिकारी पहाटे-संध्याकाळी बघतात म्हणून त्यांना मोठी काच, रबरी आवरण, पाणी आत न जाणं हे लागतं. पक्षी बघणाऱ्यालाही तेच लागतं. झाडपाल्याचा रंग दिला म्हणून काच सुधारत नाही. कागदावर बघायचं ते ‘फुली मल्टिकोटेड’ (उजेड वाया जाऊ नये म्हणून सगळ्या काचांवर दिलेले लेप) आणि ‘बाक-४ प्रिझम’ (आतली उजेड वळवणारी काच चांगल्या प्रतीची). दुसऱ्याची खूण सोपी आहे. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडं बघा. उजेडाचे ते दोन ठिपके पूर्ण गोल दिसले पाहिजेत. कडा करड्या, छाटल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचं आहे.

चष्म्यासाठी ‘आय रिलीफ’ हा आकडा विचारा. डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते हा आकडा सांगतो. १५ मिलिमीटरच्या खाली नको. तुमच्यासाठी खरा निकष हाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून. निकॉनची अक्युलॉन ए२११ पैशाच्या मानानं फार छान काच आहे, पण तिचं आय रिलीफ १२ च आहे, अण्णांना चित्राची फक्त मधली टिकली दिसेल. त्याच कंपनीच्या प्रोस्टाफ पी३ ८x४२ चं २० आहे. सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स ८x४२ पण चष्म्याला चालते. किमती खालीवर होत असतात, जी बजेटात बसेल ती घ्या.

प्रतिसाद (परभणीहून)

मी १०x५० म्हणेन. गोल ५ मिलिमीटरचा, म्हणजे उजेड जवळपास तेवढाच, आणि वस्तू जास्त मोठी दिसते. ४०० मीटरवर शेळी का डुक्कर हे ओळखायला १० पट बरी. आमच्या आखाड्यावर तीच आहे.

प्रतिसाद (पैठणहून)

भाऊ, तुमचे हात तरुण आहेत. १०x५० बऱ्याचदा किलोच्या आसपास जाते, आणि हाताचा कंपही १० पट मोठा दिसतो. शिवाय ८ पटीत एका नजरेत जास्त रान येतं. साडेसात अंशाचा कोन एका नजरेत दाखवणारी दुर्बीण ४०० मीटरवर पन्नासेक मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. तुरीत नेमकं कुठं हललं हे माहीत नसताना तो पट्टाच कामाला येतो. माळ्याच्या खांबाला टेकवून बघणार असतील तर तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे.

प्रतिसाद (लातूरहून)

दादा, मी स्वतः जाड चष्मा लावते. एकच सांगते, अण्णांना सोबत न्या. दुसऱ्यानं आणलेली दुर्बीण दुसऱ्याच्या डोळ्याला बसत नाही. रबरी वाट्या खाली दाबून किंवा फिरवून चष्मा टेकवायचा. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ-लांब करायच्या, तोवर की दोन गोलांचा एकच गोल होईल. मग डावा डोळा मधल्या चाकानं आणि उजवा त्याच्या वेगळ्या कड्यानं जुळवायचा. कड्याची ती जागा खुणेनं लक्षात ठेवा, पुन्हा हलवायची नाही. दुकानाबाहेर येऊन लांबची विजेची तार बघा. तार दुहेरी दिसली किंवा डोळ्यांना ताण आला तर ती जोडी परत करा. आधीच्या दुर्बिणीनं डोकं दुखायचं कारण बहुधा हेच, दोन नळ्या एका रेषेत नसणार.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना घेऊन संभाजीनगरला गेलो. दुकानदार १०x५० दाखवत होता. अण्णांनी दोन्ही धरून बघितल्या आणि जड असलेली लगेच खाली ठेवली. पट्टी लावली, आभाळाकडं धरून गोल बघितले, रस्त्यावरची तार बघितली. शेवटी प्रोस्टाफ पी३ घेतली, बजेटच्या थोडी वर गेली पण चालेल.

परवा संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून मला फोन केला. “पाच हायेत. दोन मोठी, तीन पिल्लं. हरभऱ्याकडून येऊ नको, रस्त्यानं ये.” मी रस्त्यानं गेलो.

आता एक शेवटचं विचारतो. पावसाळ्यात आखाड्यावर सगळ्याला बुरशी येते. दुर्बीण कशी ठेवावी?

प्रतिसाद (पैठणहून)

चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून ठेवू नका, ओल तिथंच धरते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या बदला. काच गमज्यानं पुसू नका. आधी धूळ फुंकणीनं उडवा, मग मऊ कापड. आणि पट्टा गळ्यात घातल्याशिवाय अण्णांना माळ्यावर चढू देऊ नका.