अपघातानंतर दादा टेम्पोजवळही जात नाही. काय करू?

मीनल_धनकवडी
माझा मोठा भाऊ मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवायचा. पावसाळ्यात नवले पुलाच्या उतारावर ब्रेक फेल झालेला कंटेनर मागून आला. दादाचं पायाला पडलेल्या टाक्यांवर निभावलं, पण पुढच्या गाडीतला माणूस त्याच्या डोळ्यांदेखत गेला. पाय बरा झालाय, पण दादा रात्री घामाघूम होऊन उठतो. ट्रकच्या ब्रेकचा फुस्स आवाज आला तरी हातातला कप सुटतो. बायपास लागतो म्हणून साताऱ्याला मामांकडे जाणं बंद. तीनेक महिने झाले. आई म्हणते दृष्ट काढू, वहिनी म्हणते एकदा सगळं बोलायला लावू. शेजारच्या काकांनी त्यांच्या झोपेच्या गोळ्या दिल्यात, त्या सुरू आहेत. कोणाचं ऐकू?

सुनंदा_सिस्टर (निवृत्त, मनोविकार वॉर्ड)
बाळा, आधी गोळ्यांचं बघ. अल्प्राझोलामसारख्या गोळीने रात्र निघते, आजार जात नाही, वर सवय लागते. रोज घेत असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

तू सांगतेस ते पीटीएसडीसारखं वाटतं, म्हणजे जीवघेण्या प्रसंगाच्या धक्क्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार. महिना उलटूनही असा त्रास आणि कामधंदा बंद, म्हणजे तपासून घ्यायलाच हवं. हा फौजेतल्यांचा आजार, असा लोकांचा समज आहे. १९८० मध्ये हे निदान अधिकृत झालं त्यामागे व्हिएतनामहून परतलेले सैनिक होतेच, पण रस्त्यावरच्या अपघातानेही तो होतो.

वहिनींना सांग, स्वयंपाकघरात बसवून वदवून घेऊ नका. उपचारातही बोलायचंच असतं, पण तयारीने. थेरपिस्ट तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हापुन्हा सांगायला लावतात, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. जोडीला टाळलेल्या गोष्टी, सोप्यापासून अवघडाकडे. आधी उभ्या टेम्पोत नुसतं बसायचं, मग कोणाच्या शेजारी बसून स्वारगेटपर्यंत, उतार सगळ्यात शेवटी. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणूनच धोका टळलाय हे मनाला कळायची संधी मिळत नाही. साधारण ८ ते १५ बैठका लागतात, आठवड्याला एक किंवा दोन. ईएमडीआर नावाची दुसरी पद्धतही उपयोगी आहे, त्यात ती आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायचे असतात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं डॉक्टर देऊ शकतात. गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून मधेच सोडायची नाहीत.

कोथरूडचा_सागर
बाइकच्या अपघातानंतर मी हेच उपचार घेतले. सुरुवातीला स्वप्नं वाढली होती. मॅडमनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. जाल तिथे स्पष्ट विचारा, 'अपघाताच्या आठवणीवरच काम करणार का?' नुसत्या 'विचार करू नका, योगा करा' या सल्ल्याने माझं काही हललं नव्हतं.

मीनल_धनकवडी
दादा म्हणतो, मी वेडा नाही, जाणार नाही. आणि सिस्टर, परवा यार्डातल्याच एका पोराची गाडी उलटली. त्याला हे होऊ नये म्हणून आत्ताच काही करता येईल?

सुनंदा_सिस्टर
त्या पोराला एकटं ठेवू नका. जेवण, झोप, घरची माणसं, दारू नको. तो बोलला तर ऐका, खोदून विचारू नका. लगेच एकदा बसवून सगळं बोलायला लावल्याने हा आजार टळत नाही, हे तपासून झालेलं आहे. बहुतेक जण आपोआप सावरतात. पण त्रास फार असेल किंवा वाढत असेल तर महिनाभर थांबू नका. लवकर सुरू केलेली थेरपी पुढचं बरंच टाळते.

दादासाठी १४४१६ लाव, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पहिला फोन वहिनींनी केला तरी चालेल. त्याला वेडाबिडाचं काही बोलू नका, 'झोप लागत नाही ते दाखवू' म्हणा, ते खरंच आहे. ससून हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही नेता येईल. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर मात्र त्याच दिवशी न्या. आईंना दृष्ट काढायची असेल तर काढू दे, त्यासाठी ओपीडीचा दिवस तेवढा चुकवू नका.