फोल्डर तसेच ठेवून फक्त फाइली उडवायच्या आहेत (विंडोज १०)

स्टुडिओवाला: लग्नाचे फोटो काढतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर (ई ड्राइव्ह) 'लग्न' नावाच्या मुख्य फोल्डरात मांडणी ठरलेली: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात. प्रत्येकात पुन्हा 'कॅमेरा १', 'कॅमेरा २', 'ड्रोन'. पार्टीला अल्बम दिला, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर गेला, की फाइली काढून त्याच फोल्डरांत पुढचं लग्न भरायचं. एकेका फोल्डरात शिरून कंट्रोल-ए, डिलीट करण्यात अर्धा तास जातो. लग्नसराईत कुठला आलाय अर्धा तास! कमांडने होईल का? फोल्डर मात्र जायला नकोत. फोल्डर दिसले नाहीत तर आमचा असिस्टंट तिन्ही कार्डं एकाच ठिकाणी ओततो.

बॅचफाइल: होतं की.
डेल /एस /क्यू "ई:\लग्न\*.*"
(कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात; टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत.) /एस म्हणजे आतल्या फोल्डरांतही, /क्यू म्हणजे विचारत बसू नको. डेल फक्त फाइली काढतं. फोल्डर काढणारी आरडी, तिच्या वाटेला जाऊ नका. रिसायकल बिनमध्ये काही जात नाही, तेव्हा बॅकअप आधी उघडून बघा.

सी_ड्राइव्ह: पूर्ण पत्ता द्याच. बरेच जण आधी 'सीडी ई:\लग्न' करतात (सीडी म्हणजे त्या फोल्डरात जा) आणि मग डेलला पत्ता न देता नुसतं *.* देतात. सी ड्राइव्हवर उभे असताना साध्या सीडीने ड्राइव्ह बदलत नाही, /डी लावावं लागतं. प्रॉम्प्ट सीवरच राहतो आणि तुमची डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप साफ.

स्टुडिओवाला: झालं, फोल्डर जागच्या जागी! पण काही फोटो 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून राहिले. थंब्स डॉट डीबी (विंडोजची लपलेली फाइल) पण तशीच.

बॅचफाइल: ते फोटो कॅमेऱ्यात लॉक केलेले असणार, त्यांच्यावर रीड-ओन्ली (फक्त बघा, पुसू नका) अशी खूण बसते. /एफ जोडा. हिडन फाइलींसाठी /ए.

पेंग्विन: लिनक्सवाल्यांसाठी: फाइंड /मीडिया/लग्न -टाइप एफ -डिलीट. (-टाइप एफ म्हणजे फक्त फाइली.) -डिलीट शेवटीच. ते आधी लिहिलंत तर फोल्डरांसकट सगळं जातं. पहिल्यांदा -डिलीटच्या जागी -प्रिंट देऊन यादी बघा.

सी_ड्राइव्ह: मी तर म्हणतो, जुनं पुसून तेच वापरण्यापेक्षा विंडोजच्याच रोबोकॉपी कमांडने फोल्डरांचा नुसता सांगाडा कॉपी करा (/ई म्हणजे रिकाम्यांसकट सगळे फोल्डर, /एक्सएफ * म्हणजे फाइली वगळा):
रोबोकॉपी "ई:\लग्न" "ई:\नवीन" /ई /एक्सएफ *
रिकामे फोल्डर जातात, फाइल एकही जात नाही. जुनं लग्न सवडीने पुसा.

स्टुडिओवाला: हे बरंय. पार्टी अल्बम घेऊन गेल्यावरही 'वरातीतला मामांचा एक फोटो राहिला' म्हणून फोन येतोच.